आवाज न करणारी गादी

"हिचा आवाज होतो का हो?" ग्वांगशिकने दुकानदाराला विचारलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचे, मालसुनचे, कान टवकारले.

जोंगनोच्या त्या गल्लीत सगळी दुकानं डोंगरवेड्यांचीच. काउंटरवर तंबूत अंथरायच्या हवेच्या गाद्या मांडल्या होत्या. गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी, आणि बर्फाचा गारठा खालून वर येऊ देत नाही म्हणे. इथे येणारा प्रत्येक जण आधी वजन विचारतो, मग थंडीचं. या गृहस्थांनी आधी आवाज विचारला.

"कूस बदलली की थोडी चुरचुरते," दुकानदार म्हणाला. "पण डोंगरात कोण ऐकतंय, साहेब?"

"नको, नको. न वाजणारी दाखवा. आणि जरा अरुंद."

"एकट्याच्या तंबूत कुणाची झोप मोडणार आहे?" मालसुनने विचारलं.

"अगं हेरिनची आई, माझीच मोडते ना," नेहमीसारखी लेकीच्या नावाने हाक मारत तो घाईघाईने हसला.

मालसुन हसली नाही. दर शनिवारी पाठीला सॅक लावून हे डोंगरावर जायचे, ते रविवारीच परत. एकीकडे गुडघ्यांची बोंब, आणि बुटांना चिखलाचा ठिपका नाही. आजही एकटेच निघाले होते; तीच हट्टाने मागे आली. कुणीतरी होती नक्की, आणि तिची झोप हलकी होती. या वयात घर मोडायची वेळ आणली यांनी.

दुकानदाराने एक करडी गादी फुगवून जमिनीवर टाकली. "झोपून बघा."

ग्वांगशिक बूट काढून आडवा झाला, कुशीवर वळला. गादीने हूं की चूं केलं नाही. त्याने डोळे मिटले, आणि त्याचा हात आपसूक वर गेला. शेजारी बूट घालून बघायचं बाक होतं. त्याच्या कडेवर पंजा टेकवून तो पडून राहिला.

मालसुन त्या हाताकडे बघतच राहिली. तंबूत असं कुणी झोपत नाही. असं झोपतात दवाखान्यात, आजाऱ्याच्या पलंगाशेजारच्या बुटक्या बाकड्यावर. वर जरा हालचाल झाली की हाताला कळतं. सासूबाईंच्या शेवटच्या हिवाळ्यात ती स्वतः अशीच झोपली होती, गार रेक्झिनवर नुसती शाल अंथरून.

"कोण आहे दवाखान्यात?"

ग्वांगशिकने डोळे उघडले. हात तिथेच राहिला. "दादा."

आईच्या आजारपणात एकदाही न फिरकलेला थोरला भाऊ. त्याचं नाव घरात काढायचं नाही, असं मालसुननेच बजावलं होतं. तिला राग आला, चांगलाच आला.

"ते बाकडं इतकं गार लागतं, हे मला आत्ता कळलं," तो छताकडे बघत म्हणाला. "तेव्हा तुला कधी विचारलंही नाही मी."

दुकानदार उगाच कुठल्याशा बुटाची नाडी ओवत बसला.

मालसुनने बूट काढले. "सरका." गादीवर आडवं होऊन तिने बाकाच्या कडेला हात लावून पाहिला. पोचत होता.

"एक शनिवार तुमचा, एक माझा," ती म्हणाली. "पण मी त्यांच्याशी बोलणार नाही. आधीच सांगून ठेवते."