काकांची घाना टूर

घानाची टूर करून आलेले हाडांचे रिटायर्ड डॉक्टर हेमचंद्रकाका अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात स्लाइड शो दाखवत होते. गुलामांच्या व्यापाराच्या किल्ल्यातली अंधारकोठडी पडद्यावर आली आणि काकांनी चष्मा काढला.

"गाइड म्हणाला, इथे माणसं रांगेत उभी करायचे. जहाजावरचा डॉक्टर दात बघायचा, खांदे चाचपायचा, मगच भाव ठरायचा. डॉक्टर असल्याची लाज वाटली हो मला!"

समोसे खाता खाता अख्खा हॉल हळहळला.

चहा झाल्यावर सेक्रेटरी अमेयने माइक घेतला. "चला, आता आपल्या क्रिकेट लीगचं प्लेअर ऑक्शन!" आणि पहिल्याच नंबराच्या खेळाडूला, कुशला, त्याने स्टेजवर उभं केलं.

'शॉमबर्ग शिलेदार' टीमचे मालक हेमचंद्रकाका डोळे पुसून, चष्मा लावून उठले.

"बोली मागून लावतो. आधी खांदा फिरवून दाखव रे, बाळा!"