देशांतर

शाळेतून आणलेला नकाशा मांडवातल्या चटईवर पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार नारळ. भिकाजी व्याह्यांनी जाळ्याच्या दोऱ्याचं टोक कराचीवर दाबून धरलं.

"भटजी, आता बोला. कुठवर मोजू?"

हळद संध्याकाळी होती, लग्न उद्या. आणि सकाळच्या आगबोटीने बुरोंडीचा रघू निरोप घेऊन उतरला होता. नवरीचा भाऊ आत्माराम कराचीच्या गोदीत कामाला होता, तो तापाने गेला. जाऊन बारा दिवस झाले.

भटजींनी कपाळ चोळलं. "दहा दिवस उलटल्यावर कळलं, तर सुतक तीन दिवस. मरण देशांतरात आलं असेल, तर नुसती अंघोळ केली की मोकळे. साठ योजनांपलीकडे, म्हणजे सुमारे साडेपाचशे मैलांपलीकडे, देशांतर धरतात."

"मग कराची देशांतरच," भिकाजी म्हणाले. "तीन दिवस थांबलो तर मुहूर्त गेला, मागून पावसाळा, बोटी बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत नवरा मुंबईस, नि नवरी इथं मांडवीत!"

"पण कराची आता लांब कुठं राहिली? सकाळी तिथल्या मैदानावरून विमान उडतं, ते दुपारी जुहूच्या मैदानात उतरतं म्हणे. त्याला देशांतर कसं म्हणू?"

खांबाला धरून उभी असलेली नवरीची आई आवडाबाई पटकन पुढे आली. "जवळच हाय, भटजी. जाताना आत्माराम माझा बोललाच व्हता, आये, कराची काय, ही इथं."

"तू गप गो," तिचा नवरा गंगाराम म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

भटजींनी दोरा जुहूपर्यंत सरळ धरून पाहिला. "जुहूपुढं आपलाच मुलूख, तो नको धरायला. काठावर येतंय. साठाच्या आत म्हणा, नाहीतर बाहेर."

"विमान सरळ नाय येत," रघू म्हणाला. "अमदाबादेवरून वळसा घेतं."

"ऐका!" भिकाजींनी दोरा अमदाबादेवरून वाकवून जुहूला आणला. भटजींनी तो खालच्या मैलांच्या पट्टीवर लावला, पुन्हा लावला.

"साठाच्या वर गेलं."

"विमानानंच सोडवलं की, व्याही!" कुणीतरी म्हणालं, आणि मांडवात पहिल्यांदा हसू फुटलं.

"एकदा सरळ धरा ना," आवडाबाई म्हणाली. "भटजी, दोरा ताणून धरा. जवळ येईल तो."

गंगारामने नकाशा गुंडाळला. "अंघोळ कर जा. हळदीला बायका येतील."

विहिरीपाशी धाकट्या जावेने, हौसाने, तिच्या डोक्यावर कळशी ओतली. पाणी पडताच आवडाबाईने हंबरडा फोडला. सकाळपासून पहिल्यांदा.

हौसाने रडू दिलं. मग पंचा पुढे केला. "झाली, वैनी. डोळे पूस आता. अंघोळ संपली की सुतक संपलं."

मांडवात वाजंत्री सूर लावू लागले होते. आवडाबाई दगडावरून हलली नाही.

"ओत गो," ती म्हणाली. "अजून अंघोळ झाली नाय माझी."