बेचाळीस वाटा

"अजून 'ॲक्टिव्ह'च दाखवतंय," पडद्याकडे बघत मुंगी म्हणाली. ऑफिसात सगळे तिला याच नावाने हाक मारत.

"मग झालं की. ॲक्टिव्ह म्हणजे चालू," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. ॲक्टिव्ह म्हणजे आपण दार ठोठावतोय, आतून कुणी कडी काढलेली नाही. 'एस्टॅब्लिश्ड' आलं की सोयरीक जमली."

"असली नावं देणाऱ्याला धरून आणा," साहेब पुटपुटले आणि घड्याळ बघू लागले.

बारा वाजून चार मिनिटं झाली होती. शहराबाहेरच्या रक्तपेढीत आज राउटरची नवी पेटी बसायची होती. तिथून क्लाउडशी सेशन जोडलं गेलं, की जुनी लाइन कायमची सोडायची. एकदा सोडली, की परत मिळायला आठवडा. नऊ इस्पितळं रक्ताचा साठा याच लाइनवरून बघत.

दोन महिन्यांपूर्वी असंच काम करताना, एका वेळी तिघांशी फोनवर बोलता बोलता, मुंगीने भलतीच लाइन बंद केली होती. साहेबांनी तेव्हा तिला पाठीशी घातलं. "पुन्हा घडलं तर मात्र माझ्या हातात काही नाही," असंही सांगून ठेवलं.

तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारी मुंगी. या खेपेला नियम तिनेच लिहून काढला. बारा ते साडेबारा फोन बंद. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने ठरल्या वेळी पेटी जोडायची, इथे तिने क्लाउडचं दार उघडायचं आणि पडद्यावरच्या स्थितीवर विश्वास ठेवायचा. आठवडाभर तिने टेबलाखालच्या सरावाच्या पेटीवर रंगीत तालीम केली होती. नव्या पेटीचाच पत्ता, तोच पासवर्ड, माहिती जायच्या त्याच बेचाळीस वाटा. तोंडपाठ.

खोलीतला एसी हाडं गोठवत होता. तिने चपला काढून पाय टेबलाखाली उबेला ठेवले.

बारा वाजून सहा मिनिटांनी अक्षरं बदलली. एस्टॅब्लिश्ड.

ती लगेच हुरळली नाही. नुसती ओळख होऊन भागत नाही, समोरच्याने आपल्याकडच्या वाटाही सांगाव्या लागतात. तिने आकडा पाहिला. बेचाळीस. पुन्हा पाहिला. बेचाळीसच.

"जमलं, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "माझी बायको म्हणते, त्या मुंगीमुळे तुमचे केस पिकले."

"केस आहेत कुठे, साहेब?"

दोघंही हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले. साहेब चहा सांगायला उठले. "लाइनवाल्या कंपनीला ते पत्र पाठवून टाक. लाइन सोडली म्हणावं."

पत्र तयारच होतं, तरी साडेबारापर्यंत तिने आकड्यावर नजर ठेवली. साडेबाराच्या ठोक्याला तिने फोन चालू केला आणि बोट 'पाठवा'वर नेलं. तेवढ्यात फोन वाजला. रक्तपेढीतला तंत्रज्ञ.

"अगदी वेळेवर फोन केलात, दादा," ती म्हणाली. "झकास काम केलंत. आभार."

"कसले आभार, ताई? कधीपासून लावतोय, तुमचा फोन बंद. इथं सकाळपासून रक्तदात्यांची रांग, मान वर करायला सवड नाही. आमचं जुनं चाललंय नीट, काळजी नको. पण ती नवी पेटी अजून खोक्यातच आहे. उघडू का आता?"

मुंगीने टेबलाखालच्या उबदार पेटीवरचे पाय हळूच उचलले.