शेवटची अकरा पानं

वाचनालयाच्या पायरीशी लंकाबाईचे पाय अडले. पदराखाली पुस्तक होतं, आणि त्याची शेवटची अकरा पानं शेळीच्या पोटात गेली होती.

दुष्काळानं तिसगावच्या शिवारात हिरवं पान ठेवलं नव्हतं. काल खडी फोडून ती घरी आली, तर शेळी दावं तोडून कोनाड्यात तोंड घालून उभी. "हरवलं म्हनून सांग," नवरा म्हणाला. पण खोटं तिच्या तोंडून निघालं नसतं, आणि खरं सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटत होती. बौद्धवस्तीतून पुस्तक नेणारी ती पहिलीच. वाचनालय चालवणारे सहादेव गुरुजी भर बाजारात तिच्या मागं लागले होते, "चौथी झालीय ना तुमची? मग पुस्तक न्यायला या." आता तिच्यापायी वस्तीतल्या पोरीबाळींनाही हे दार बंद होणार होतं.

आत चारपाच जण पेपर वाचत बसले होते. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"शेळीनं खाल्लं, गुरुजी."

पेपर खाली आले. वरच्या आळीतला श्रीमंत नावाचा गडी बाकावरून मोठ्यानं म्हणाला, "मी सांगत न्हवतो? हिच्या हाती पुस्तक दिलं तर शेळीच वाचनार!"

कुणीतरी हसलं.

गुरुजींनी कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "त्याआधी तुमचं वाचून झालं होतं?"

"व्हय."

"शेवटपर्यंत?"

"दोनदा," ती कशीबशी म्हणाली.

गुरुजींनी दौत पुढं ओढली. पहिल्या पानावर काहीतरी लिहून पुस्तक तिच्याकडं फिरवलं. नाव खोडलं आपलं, तिला वाटलं. अक्षरं डोळ्यापुढं नाचत होती. दुसऱ्या खेपेला ती लागली: 'शेवटची अकरा पानं नाहीत. शेवट लंकाबाईंना विचारावा.'

"नगं, गुरुजी. मला न्हाई जमायचं."

गुरुजींनी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

पुढं पंधरा दिवस ती त्या रस्त्यानं गेली नाही.

मग एका सकाळी ती कामाला निघाली, तर अंगणाबाहेर श्रीमंत उभा. वस्तीत तो जन्मात कधी आला नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं दाराची चौकट धरली.

त्याच्या काखेत पुस्तक होतं. इकडंतिकडं बघत तो हळूच म्हणाला, "जत्रंत हरवल्याली ती पोरगी... घावली का हो तिच्या आईला?"

चौकट न सोडता, जमिनीकडं बघत लंकाबाई सांगू लागली. आधी अडखळत, मग जरा सलग. आई समोर आली तरी पोरीनं तिला ओळखलं नाही, इथवर ती आली आणि तिनं मान वर केली.

श्रीमंत अंगणात येऊन मांडी घालून बसला होता. चपला बाहेरच राहिल्या होत्या.