ताईचं कोपर

ताईचं उजवं कोपर पुन्हा बाहेर आलं. पंखासारखं हललं आणि आत गेलं.

'लांब राहा म्हणतेय,' त्याच्या मनात आलं. त्याने सायकल मुद्दाम आणखी जवळ घेतली. त्याचं पुढचं चाक आता तिच्या मागच्या चाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर होतं. समोरून वारा नुसता चाल करून येत होता, पण तो सगळा ताईच्या अंगावर. तिच्या पाठीमागे घरात बसल्यासारखं निवांत होतं. पुढचा माणूस वारा कापतो तेव्हा मागच्याची किती ताकद वाचते, हे त्याने नीट वाचून ठेवलं होतं. ती ताकद शर्यतीच्या शेवटच्या वळणापर्यंत साठवायची आणि तिथून तिला मागे टाकायचं. एकदा तरी.

ताई म्हणजे त्याची चुलत बहीण. त्याच्यापेक्षा आठ दिवसांनी मोठी. पण आठ दिवस आधी जन्मून तिने जन्मभराची आघाडी घेतली होती. "ताईचं अक्षर बघ," "ताईचे मार्क बघ," करत आईने त्याला वाढवलं. पुढे दोघं पाणी तपासायच्या एकाच लॅबमध्ये नोकरीला लागले आणि आईची आयतीच सोय झाली. शुक्रवारी तर कळस झाला. नव्या शाखेची प्रमुख म्हणून साहेबांनी ताईचं नाव जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

नायट्रेट मोजायची नवी पद्धत त्याने बसवली होती. नमुने त्याने तपासले, चुका त्याने शोधल्या. मीटिंगमध्ये बोलली मात्र ताई. म्हणजे अर्धं बोलली, आणि ऐन महत्त्वाच्या जागी थांबून तिने पडद्याचा रिमोट टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. चारचौघांत उभं करून माझं तत-पप करायचा डाव आहे हिचा! त्याने रिमोट परत सरकवला. "तूच सांग." असं एकदा नाही, दर मीटिंगला व्हायचं. तिची खोड जाईना आणि त्याचा जळफळाट थांबेना.

सायकल चालवणं हाही तिचाच प्रांत. ती वर्षानुवर्षं ग्रुपबरोबर लांब लांब जायची. त्याने मात्र खोलीचं दार लावून, मागचं चाक स्टँडवर चढवून, भिंतीकडे तोंड करून तयारी केली. वाऱ्याची गणितं पाठ केली. कोणाबरोबर म्हणून रस्त्यावर उतरला नाही. उतरला असता तर तिला कुणकुण लागली असती.

कोपर पुन्हा हललं. या वेळी ताई डावीकडे सरकलीही. तोही तिच्या मागोमाग डावीकडे सरकला. तिने वेग थोडा कमी केला. त्याने ब्रेक दाबला. झटकून टाकायला बघतेस होय? बघ, बघ.

पाण्याच्या थांब्यावर ती सायकलच्या दांडीवर मान टाकून उभी राहिली. ओठ वाऱ्याने फुटले होते. शर्यतीत स्कूटरवरून पुढे-मागे फिरणारे पाणीवाले काका तिला बाटली देत होते. तिने बाटली आधी त्याच्यापुढे धरली.

"बरा आहेस ना रे? पाय भरून आले का?"

"माझे? छे! तू तुझे सांभाळ."

काकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मान हलवली.

शेवटचं वळण आलं. तो सीटवरून उठला आणि जीव खाऊन पेडल मारत तिच्या उजवीकडून बाहेर पडला. त्याबरोबर वारा असा तोंडावर आदळला, जशी कोणी ओली चादर अंगावर फेकावी. क्षणभर श्वासच घेता येईना. दिवसभर हे सगळं कोणीतरी अंगावर घेत होतं, हे कळायला तेवढा क्षण पुरेसा होता. पण थांबायला तो पुरेसा नव्हता. त्याने दात आवळले. शेवटची पट्टी ओलांडली तेव्हा ताई मागे होती. चांगलीच मागे. आठ दिवसांचं देणं फिटलं.

ती आली, उतरली, आणि लंगडत सरळ त्याच्याकडे आली. तिचा चेहरा उतरलेला बघायला तो तयारच होता. तिने त्याच्या पाठीत जोरात थाप मारली.

"शाब्बास रे! आलास बाबा एकदाचा पुढे!"

तिच्यामागून स्कूटर लावून पाणीवाले काका आले. "शाब्बास कसली? पोरा, डोळे घरी विसरलास काय? सबंध रस्ता ही कोपर हलवून हलवून तुला बोलावतेय, 'ये, आता वारा कापायची तुझी पाळी.' रस्ता सोडून बाजूलाही झाली. आणि तू आपला गोचिडासारखा चिकटलेला!"

"बोलावत होती?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं. "मला वाटलं... ताई, मग तू तोंडाने का नाही सांगितलंस?"

ताईने हेल्मेट काढलं. घामाने चिकटलेले केस मागे सारत ती हसली.

"अरे, किती वेळा बोलवायचं माणसाला? मला वाटलं, तुला मागेच बरं वाटतं. नव्या शाखेसाठी साहेबांनी आधी तुझंच नाव काढलं होतं, तेव्हाही मी त्यांना हेच सांगितलं."