बॅकचॅट

पाचगणीतल्या एका बोर्डिंगात रंगूबाई नऊ वर्षं आया होती. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी तिथल्या मुख्य मॅडमनी तिला काढून टाकलं आणि जाताना हातात एक इंग्रजी चिठ्ठी दिली. ती घेऊन रंगूबाई काम मागायला चार बंगले फिरली. चिठ्ठी वाचली की माणसं गोड बोलून तिला वाटेला लावत.

पाचव्या बंगल्यात विजयमालाबाईंनी चिठ्ठीवरून नजर वर केली. "यात बॅकचॅट लिहिलंय. म्हणजे उलट उत्तरं. मॅडमना काय बोललीस तू?"

रंगूबाईला आत्ता कुठं उलगडा झाला. "आवं बाई, धाकट्या वर्गातल्या पोरीचं अंग तव्यावानी तापलं व्हतं. मॅडम म्हनल्या, परीक्षेपायी ढोंग करतीया. मी म्हनलं, ढोंग न्हाई, आत्ताच्या आत्ता डाक्टर बोलवा."

"मग बोलावला?"

"न्हाई. तिन्हीसांजेला पोर गेली."

रंगूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"मॅडम गप म्हनल्या आन् मी गप बसले, बाई. आजून बोलाया पायजे व्हतं."