तीन नंबर

"अण्णा, तीन नंबर ना?" मतदान यंत्रापुढं मुलानं कानाशी लागून विचारलं.

टिपणीस सरांनी मान हलवली. डोळे गेल्यावरची ही पहिलीच निवडणूक. अंध मतदाराला सोबती चालतो, आणि सरांना सोबती म्हणून हाच होता. महिनाभर दुसऱ्या पक्षाचं उपरणं मिरवत, जेवताना त्यांच्याशी हमरीतुमरीवर येणारा.

यंत्र लांबलचक वाजलं.

"चिठ्ठी पाहिलीस?"

"पाहिली. तीनच."

सरांनी चाचपडत यंत्राची काच शोधली. बोटांना ती नुसतीच गार लागली.

"चला अण्णा, मागं रांग आहे."

स्वतः पडताळल्याशिवाय प्रत्यक्ष बापाचंही खरं मानू नका, असं तत्त्वज्ञानाच्या नऊ पुस्तकांतून बजावणाऱ्या सरांनी मुलाचा दंड घट्ट धरला.

"पायरी आली की सांग रे," ते म्हणाले.